ऑर्विल पिम घरी नाहीत

ब्लँचर्ड, इंडियाना
९ सप्टेंबर १९६२

आर्डी,

आधीच सांगते, स्पेलिंगकडे बघू नकोस. आणि माझं टाइपिंग फार हळू आहे, एका बोटाचं. मधेच विषय तुटला तर समज, मी एखादं बटण शोधत बसले होते. मशीन चर्चचं आहे. रविवारचं पत्रक टाइप करून द्यायचं डॅडींनी कबूल केलं, आणि करतेय मी. हातानं लिहिलं असतं गं, पण दिवसभर दुकानात डब्यांवर किमतीचे शिक्के मारून मनगट असं भरून येतं की पेन धरवत नाही. बटण दाबायला तेवढी ताकद लागत नाही.

तुझं पत्र मिळालं. यापुढे दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र डॅडी फाडत वगैरे नाहीत, पण न उघडता खिडकीत उभं करून ठेवतात आणि येता-जाता त्याच्याकडे बघतात. ते मला बघवत नाही.

तू लिहिलंस तसंच्या तसं मी त्यांना सांगितलं. डॅडींनी स्वतःच्या तोंडानं या म्हटलं तर थँक्सगिव्हिंगला येऊ, आणि तिघंही येऊ. नाहीतर परत विचारू नकोस. जेवताना सांगितलं, कारण जेवताना ते उठून जात नाहीत.

म्हणाले, "दाराला काय मी खिळे ठोकलेत? तिनं यावं. एकटीनं."

मी म्हटलं, "आणि बाळ?"

"बाळ आणावं."

"आणि कॅझ?"

मग त्यांनी मीठ मागितलं.

थोड्या वेळानं आपणहून बोलले. तू लग्न करून गेलीस तेव्हा जे म्हणाले होते तेच. कॅथलिक माणूस आपल्या टेबलाशी बसला तर जेवणाआधी प्रार्थना कुणी करायची, मी का त्यानं? मला वाटतं दीड वर्ष ते खरंच याच प्रश्नावर अडून बसलेत. मी म्हटलं, तो बिचारा क्लीव्हलँडमध्ये बस चालवतो, प्रार्थना करायची त्याची काही हौस नसेल, तुम्हीच करा. तर म्हणाले, "मग तो मनातल्या मनात आपलं वेगळं म्हणेल."

तुझा जूनमधला फोन मला सारखा आठवतो. एक्स्चेंजमधून पर्ल म्हणाली, "क्लीव्हलँडहून आर्डिथचा फोन आहे, पैसे तुमच्याकडे लागतील. मिस मोनिका सेव्हन यांच्याशी बोलायचंय. आहेत का घरी?" मी म्हटलं, नाहीत. आणि ठेवला. मागितलेलं माणूस घरी नाही म्हटलं की पैसे पडत नाहीत, आणि मुलगी झाली, नाव मोनिका, सात पौंडांची, सगळं फुकटात कळलं. ममानं लावलेली सवय. एरवी आपले नेहमीचे ऑर्विल पिम. ऑर्विल पिम घरी नाहीत, म्हणजे तुझं तिकडे ठीक, आमचं इकडे ठीक, कुणाला एक सेंट पडला नाही. पर्ल मला चर्चच्या पायऱ्यांवर म्हणते कशी, "काय गं नेल्डा, हे पिम आहेत तरी कुठे? एवढ्या वर्षांत एकदा घरी सापडले नाहीत."

डॅडींच्या मते ती टेलिफोनवाल्यांची चोरी आहे आणि वर खोटं बोलणं आहे. ममा होती तेव्हा ते खोलीबाहेर जायचे. आता पर्लनं पिम म्हटलं की रिसीव्हर माझ्यापुढे धरतात आणि छताकडे बघतात. म्हणजे खोटं मी बोलायचं. फोन कानाला लावला की माझ्या तळहातांना घाम फुटतो हे तुला माहीत आहे. पण ते एक 'नाहीत' मला आता चांगलं म्हणता येतं.

बाकी काही नाही. मी ठीक आहे.

नेल्डा

७ ऑक्टोबर

आर्डी,

फोटो पोचला. मोनिकाचे कान आपल्या ममाचे आहेत. फोटो मी स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून लावलाय, कॉफी घ्यायला कुणीही उघडलं की दिसेल असा. डॅडी हल्ली कॉफी स्वतःची स्वतः करतात. एवढंच सांगते.

तू विचारलंस की शाळेत परत जाणार का. नाही. कशाला? उभं राहून वाचायला लावलं की वर्गात माझा आवाज यायचा नाही, मग मागून कुणीतरी म्हणायचं, बाई, रेडिओचा सेल संपलाय. दुकानात बोलावं लागत नाही. मिस्टर टिलफर्ड किमती सांगतात, मी शिक्का फिरवते आणि मारते. जांभळी शाई नखांतून निघत नाही. माझ्या वर्गातल्या मुली शाळा सुटल्यावर येतात, केसांना ही एवढी हवा भरून, नव्या नाचाचं बोलत, आणि मला विचारतात, नेल्डा, हे बिस्किट कितीला? डब्यावर लिहिलेलं असतं गं. त्यांना माझ्याकडून ऐकायचं असतं.

तुमच्याकडे काय भाव आहेत? आमच्याकडे ब्रेड एकवीस सेंट, अंडी पन्नासच्या आसपास डझन, कॉफी सत्तरला टेकली. पेट्रोलवाला तीस म्हणतो आणि काच पुसून देतो. मिस्टर टिलफर्ड म्हणतात, "हे असंच चाललं तर लोक परत घरी कोंबड्या पाळतील." दर आठवड्याला म्हणतात. कुणी पाळत नाही. सगळे टीव्ही बघतात.

आणि ते टीव्ही बिघडले की आपल्या घरी येतात. बाहेरच्या खोलीत पाठी उघड्या टाकून नेहमी चार-दोन पडलेले असतात. डॅडींची पद्धत तीच. पडदा भिंतीकडे वळवायचा, म्हणजे त्यातला चहाटळपणा दिसायला नको, आणि मागून काम करायचं. मग चित्र ठीक आलं का ते बघायला मला भिंतीच्या आणि टीव्हीच्या मधे घालतात. "माणसं उभी आहेत का आडवी, तेवढंच सांग." मी सांगते, उभी आहेत. "नाचतायत का?" मी सांगते, नाही. कधीकधी नाचत असतात.

शनिवारी दुकानातून येताना धान्याच्या कोठारांमागे थोडी थांबते. तिथून हायवेवरच्या गाडीत बसून बघायच्या सिनेमाचा पडदा दिसतो. आवाज गाड्यांमध्ये, आपल्याला नाही. बायका तोंड उघडतात, पुरुष टोप्या काढतात. काय बोलत असतील ते मी मनात घालते. परवा एक बाई रडत होती आणि एक माणूस दारात उभा होता. मी त्याच्या तोंडी घातलं, "ब्रेड एकवीस सेंटला झालाय." बघ, किती दमलेय मी. दुसरं काही सुचलं नाही.

परवा आपला आणखी एकजण पृथ्वीभोवती फेऱ्या मारून आला. डॅडींना म्हटलं, तर म्हणाले, "आला ना परत?" मी म्हटलं, आला. "मग झालं तर."

मी पुन्हा एकदा कॅझचं काढलं. तू सांगितलं नव्हतंस, माझं मीच काढलं. ते म्हणाले, "तिला सांग, मी माझं म्हणणं सांगितलंय." तू म्हणतेस, त्यांना सांग, मी माझं सांगितलंय. तुम्हा दोघांच्या मधे मी नुसती तार झालेय, आर्डी. तारेवर पक्षी बसतात, ते पण तारेला काही विचारत नाहीत.

जाऊ दे. मनगट बरं आहे.

नेल्डा

२५ ऑक्टोबर

आर्डी,

तुला वाटेल, काल फोनवर बोलणं झालं, मग आज पत्र कशाला. पण तुला फक्त ऐकू आलं. दिसलं नाही. म्हणून लिहितेय.

आधी सोमवारचं. दुकानात कुणीतरी बोललं की राष्ट्राध्यक्ष संध्याकाळी टीव्हीवर बोलणार आहेत, फार मोठं काहीतरी आहे. घरी आपल्या चर्चमधल्या व्हर्नन केलच्या बायकोचा टीव्ही दुरुस्त होऊन पडला होता. डॅडींनी तो स्वतःच्या हातानं भिंतीकडून फिरवला. पूर्ण फिरवला, आर्डी. आणि खुर्ची ओढून समोर बसले. तुला माहीत आहे त्यांनी त्या माणसाला मत दिलं नव्हतं, का दिलं नव्हतं तेही माहीत आहे, तो कॅथलिक म्हणून. क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं आहेत, आपली जहाजं वाट अडवणार आहेत, हे सगळं ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "हा पोरगा दमलेला दिसतो."

मंगळवारी केलचा मुलगा टीव्ही न्यायला आला तर डॅडींनी त्याला सांगितलं, ट्यूब अजून नीट नाही.

दुकानात तर विचारू नकोस. साखर, मेणबत्त्या, डबाबंद सूप, पाण्यासाठी बादल्या. शेजारच्या मिसेस ग्रब एवढी खारी बिस्किटं घेऊन गेल्या की मी म्हटलं, हे कधी संपायचं? त्या म्हणाल्या, "बाई गं, बॉम्ब पडल्यावर पाहुणे येतात." मिस्टर टिलफर्डनी दुपारी मला आत बोलावलं आणि म्हणाले, सूपवरचा शिक्का पुसून दोन सेंट चढवून मार. मी स्पिरिटचा बोळा घेऊन बसले. पुसायचं, मारायचं, पुसायचं, मारायचं. बुधवारी संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हात खांद्यापासून लोंबत होते, जसे काही दुसऱ्या कुणाचे आहेत. घरी येऊन बटाटे उकडायला ठेवले आणि खुर्चीत बसले. आणि फोन वाजला.

डॅडी जवळ होते, त्यांनी उचलला. पर्लचा आवाज मला खुर्चीपर्यंत आला. "क्लीव्हलँडहून आर्डिथ. पैसे तुमच्याकडे. मिस्टर ऑर्विल पिम आहेत का घरी?" तिचाही आवाज त्या दिवशी गमतीचा नव्हता.

त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि छताकडे बघितलं.

मी उठले नाही.

ठरवून नाही, आर्डी. मला उठवेचना. मी हातांकडे बघितलं आणि ते हलले नाहीत. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. मी आता कुणाचंच काही सांगणार नाही."

त्यांनी छतावरून नजर माझ्याकडे आणली. रिसीव्हर तसाच हवेत. पर्ल पुन्हा म्हणाली, "हॅलो? आहेत का पिम?" मला दिसत होतं ते काय विचार करतायत ते. नाहीत म्हणावं तर ते खोटं. काही न बोलता ठेवावा तर तू तिकडे या असल्या आठवड्यात काय समजशील? एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, तो त्यांनी खिशात घातला, बाहेर काढला, परत घातला.

मग फोन कानाला लावून म्हणाले, "बोलतोय."

पर्ल म्हणाली, "कोण बोलतंय?"

"ऑर्विल पिम बोलतोय. पैसे लावा."

आर्डी, दोन्हीकडून खोटंच होतं. त्यातलं पैसे पडणारं त्यांनी निवडलं.

पुढचं तू ऐकलंस. इकडे पाऊस नाही, तिकडे आहे का. बाळाला खोकला नाही ना. बटाटे या वर्षी बारीक आहेत. पण ते बोलत होते तेव्हा उभे होते, चर्चमध्ये उभे राहतात तसे, आणि डोक्यावर टोपी नसताना टोपी काढायला हात वर गेला होता. तू मोनिकाला फोनजवळ धरलंस तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, तू म्हणालीस, डॅडी, आहात ना? तेव्हा ते होते. मान हलवत होते. तुला दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग म्हणाले, "तीन मिनिटं झाली," आणि ठेवला.

या म्हणाले नाहीत. माझ्याही लक्षात आलं. मी वाट बघत होते, बटाटे करपले.

नेल्डा

२९ ऑक्टोबर

आर्डी,

हे तुला पर्लकडून कळण्याआधी मी सांगते. पर्लनं एक शब्द कुणाला सांगितला नव्हता बरं का. आणि मिसेस ग्रबनी त्यांच्याकडच्या फोनवर सगळं ऐकलं असणार, लाइन एकच आहे, पण त्यांनीही नाही. सांगितलं डॅडींनीच.

काल सकाळी बातमी आली की रशियावाले माघार घेतायत. चर्चमध्ये लोक एकमेकांचे हात धरून हसत होते, मिसेस ग्रब तर रडत होत्या, त्या बिस्किटांचं आता काय करायचं म्हणून असेल. पाळक ब्रदर क्लाइड म्हणाले, ज्याला देवाचे आभार मानायचेत त्यानं उभं राहून मानावेत. दोघातिघांनी मानले. मग डॅडी उठले. ते कधी उठत नाहीत, डीकन म्हणजे चर्चचे कारभारी असूनही. ते दानाचं ताट फिरवतात आणि बसतात. मला वाटलं तेही आभारच मानणार.

म्हणाले, "बुधवारी मी खोटं बोललो. टेलिफोनवर मी स्वतःला ऑर्विल पिम म्हणवलं."

मागच्या बाकावर कुणी पोर फिसकन हसलं. पर्लला खोकला आला. ब्रदर क्लाइडना काही कळेना. "कशासाठी, ब्रदर स्ट्रूप?"

"मुलीशी बोलायचं होतं."

व्हर्नन केल बसल्या जागेवरून म्हणाला, टीव्हीवरून तो आधीच तापलेला होता, "कोणती मुलगी? ती रोमच्या पोपला वाहिलेली?"

डॅडी त्याच्याकडे वळले. "मला दोनच आहेत, व्हर्नन. एक ही इथे बसलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. मी रबरी बूट बघत बसले, माझेच.

ब्रदर क्लाइड वाईट माणूस नाही. हळूच विचारलं, "पश्चात्ताप होतोय ना तुम्हाला, ब्रदर?"

डॅडींनी विचार केला. तुला माहीत आहे ते किती वेळ विचार करतात. "खोटं बोलल्याचा होतो."

"आणि?"

"आणि काही नाही."

शिक्षा म्हणून वर्ष संपेपर्यंत ताट व्हर्नन केलकडे दिलंय. त्यानं लगेच उठून फिरवलं. आमच्या बाकाशी आला तेव्हा डॅडींनी खिसा चाचपला आणि नाणं टाकलं, आणि ताट पुढे सरकवायचं ते सवयीनं हातात धरूनच बसले. व्हर्नननं ओढून घेतलं.

घरी येताना मी म्हटलं, "सांगायची काय गरज होती?" मला खरंच राग आला होता. सोमवारी दुकानात मला सगळ्यांच्या तोंडाला तोंड द्यायचं होतं. आज दिलं. एकजण म्हणाला, "काय मिस पिम, सूप कितीला?" मी म्हटलं, जुन्या भावाला. मिस्टर टिलफर्डनी ते दोन सेंट परत उतरवायला लावलेत. पुसायचं, मारायचं.

फाटकाशी आल्यावर डॅडी म्हणाले, "खोटं सांगून टाकलं. बाकीचं माझ्याकडे राहू दे."

बाकीचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला झोपायचं होतं.

नेल्डा

१९ नोव्हेंबर

आर्डी,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले, उत्तर दिलं नाही. राग मानू नकोस. तू लिहिलंस, "गावाला सांगितलं, चर्चला सांगितलं, मला या म्हणाले का? कॅझचं नाव घेतलं का?" बरोबर आहे तुझं. पण मी ते त्यांना सांगितलं नाही. मी म्हटलं, "आर्डीचं पत्र आलंय. काय लिहिलंय ते तिला विचारा." ते म्हणाले, "असं होय," आणि कुणाच्या तरी टीव्हीच्या पाठीत डोकं घातलं. मग मीही कामाला लागले. तुमचं तुम्ही बघा, असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि वाईट वाटण्याऐवजी मी त्या संध्याकाळी आठलाच झोपले.

आता शनिवारचं ऐक. दुकानात गर्दी. सगळ्यांना टर्की हवी, क्रॅनबेरी हवी, लाल भोपळ्याचे डबे हवेत. मी खालच्या फळीशी वाकलेली. आणि डॅडी आत आले. ममा गेल्यापासून ते दुकानात आलेले मी पाहिले नव्हते, सामान मी घरी नेते. मिस्टर टिलफर्ड म्हणाले, "अल्वा! वाट चुकलास का?" डॅडींनी टोपी काढली आणि बर्फाच्या पेटीशी जाऊन उभे राहिले. आत वाकून बघतायत, हात पाठीमागे. काय हवंय ते विचारायला मी गेले तर मला बघून बरं वाटलं त्यांना.

दबक्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला, पण टीव्हीच्या आवाजात बोलून बोलून त्यांना दबकं बोलता येत नाही. म्हणाले, "नेल्डा, त्या लोकांचा शुक्रवारचा उपास असतो ना? मांस चालत नाही?"

व्हर्नन केलची बायको पिठाशी उभी होती. तिनं मान वळवली.

मी म्हटलं, "कुठल्या लोकांचा?"

"कॅझमरचा," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं, आर्डी. चुकीचंच म्हणाले, कॅझिमिरचं 'कॅझमर' केलं. पण म्हणाले.

मी म्हटलं, "चालत नाही. पण थँक्सगिव्हिंग गुरुवारी आहे, डॅडी. गुरुवारी टर्की चालते."

"गुरुवारचं मला कळतं," ते म्हणाले. "शुक्रवारचं विचारतोय. शुक्रवारी सकाळी उठल्यावर त्यानं काय खायचं? टर्की तर उरलेली असणार, आणि तो हात लावणार नाही. उपाशी बसवायचं का माणसाला?"

मी डब्यावर शिक्का मारायचा तो स्वतःच्या अंगठ्यावर मारला. शुक्रवारी सकाळी उठल्यावर. म्हणजे तुम्ही राहणार हे त्यांनी धरलंय. रात्रीचं अंथरूण वगैरे सगळं मनात होऊन पुढे शुक्रवारच्या न्याहारीपर्यंत ते एकटेच पोचले होते, आम्हाला कुणाला न सांगता.

मी त्यांना त्या माशाच्या कांड्या दाखवल्या, पावाचा चुरा लावलेल्या, नुसत्या भट्टीत तापवायच्या. त्यांनी भाव विचारला नाही. पेटीत होत्या तेवढ्या उचलल्या. मिस्टर टिलफर्ड म्हणाले, "अल्वा, अरे तिघं येतायत का आख्खं क्लीव्हलँड?" डॅडी म्हणाले, "माणूस बस चालवतो. भूक लागत असेल."

आपल्या फ्रिजमध्ये एवढं मावत नाही, म्हणून ते स्वतः मिसेस ग्रबकडे गेले, त्यांच्या मोठ्या फ्रीझरमध्ये जागा मागायला. त्या म्हणाल्या, "ठेवा की. बाळाला दात आलेत का? मागच्या महिन्यात फोनवर नव्हते वाटतं."

काल रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "तिला लिहून टाक."

मी म्हटलं, "नाही."

"नेल्डा."

"नाही, डॅडी. मी निरोप नेत नाही. मशीन तिथं आहे. कागद घातलेला आहे."

मला वाटलं चिडतील. उठले, चष्मा शोधला, मशीनसमोर बसले. आर्डी, मला स्वतःच्या हळू टाइपिंगची लाज वाटायची. ते बटणाकडे असे बघत होते जसं काही त्यातून धक्का बसणार आहे. मी भांडी घासली, पुसली, लावली, उद्याचे बीन्स भिजत घातले, तरी एकेक टक, टक चालूच होतं. मी वाचलं नाही तोपर्यंत. आत्ता वाचलं. पुढच्या ओळी माझ्या नाहीत, मी एक अक्षर त्यात घातलेलं नाही आणि सुधारलेलंही नाही.

आर्डिथ. मासे आणलेत. शुकरवार साठी. तू ये आणि कॅझमर आणि बाळ. गुरवारी दुपारी जेवण. प्रार्थना मी म्हणेन. त्यानं मनात काय म्हणायचं ते म्हणावं. माझी हरकत नाही. बस कधी पोचते कळव, मी स्टँडवर उभा असेन. अ. स्ट्रूप

सही बघ. तुला आडनाव माहीत नसल्यासारखी.

आता तू काय ते ठरव, आणि ठरवलंस की त्यांनाच कळव. पोस्टानं नको, उशीर होईल. फोन कर. सरळ त्यांच्या नावानं कर, पैसे इकडे लाव. त्यांनी तसं सांगितलेलं नाही, पण हल्ली फोन वाजला की माझ्याआधी उठतात.

तुझ्या जुन्या खोलीत मी दोन गाद्या टाकल्यात. माझं पांघरूण तुम्हाला दिलंय, मी कोटावर झोपेन, मला काही होत नाही, हल्ली मी कुठेही पडले की झोपते. ये गं.

थांब, मिसेस ग्रब खिडकीशी ओरडतायत. बाजारात न्यायच्या ट्रकमधून कुणाची तरी गाय सुटली, ती कोर्टाच्या पायऱ्या चढून वर जाऊन उभी आहे, आणि तिला उतरता येत नाहीये. अर्धं गाव खाली जमलंय, व्हर्नन केल तिला ढकलतोय, जज्जसाहेब आत अडकलेत. मी बघायला चालले.

नेल्डा